साठ अंशांवरचं पाणी

सकाळी सव्वासहाला मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली ग्लास धरला, तोंडाशी नेला आणि तशीच थांबले. पाण्याला वास होता. मातीचा, पण नुसत्या मातीचा नाही. खूप दिवस न हलवलेली कुंडी उचलली की खालून येतो तसला, गार आणि थोडा गोडसर. मी ग्लास लांब केला. वास गेला. जवळ आणला. आला. असं चार-पाचदा केलं आणि ओट्याला टेकून एकटीच हसायला लागले. नळाच्या पाण्याला वास येणं ही वाईट बातमी होती, शहराच्या दृष्टीने तर फारच वाईट. पण तो मला येत होता! नऊ महिन्यांनी मला काहीतरी येत होतं. नवरा डोळे चोळत दारात आला आणि म्हणाला, "काय गं, पाणी गेलं का?" मी म्हटलं, "आहे. वास येतोय." "कसला?" "कसला ते नंतर विचार ना. येतोय!" मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे, घाईने काही बोलत नाही. पुढे आला, माझ्या हातातला ग्लास काढून ओट्यावर ठेवला आणि आपली मान माझ्या नाकाशी आणून म्हणाला, "बघ." ग्रीस. कालचं, परवाचं, पंचवीस वर्षांचं ग्रीस, आणि त्याखाली तो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या तापाने मला फार छळलं नव्हतं. तीन दिवसांत उतरला, फक्त जाताना नाक घेऊन गेला. नाक गेलं म्हटलं की लोकांना वाटतं, एवढंच ना! डोळे नाहीत, कान नाहीत, नाकच तर. पण मी पोटासाठी वास घेते. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं माझं तेच काम. जंतू मोजायला यंत्रं आहेत, क्षार मोजायला आहेत, गढूळपणा मोजायला आहेत. वास मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. तिथे माणूसच लागतो. रोज सव्वानऊला काचेचे चंबू गरम पाण्यात ठेवायचे, साठ अंशांवर आले की बूच काढायचं, एकच श्वास घ्यायचा आणि शून्य ते पाच यातला एक अंक लिहायचा. सोबत बिनवासाच्या पाण्याचा एक चंबू, नाक जागेवर आहे ना हे बघायला. या कामासाठी आमच्या घरात बावीस वर्षं सुगंधी साबण आला नाही, तेल नाही, पावडर नाही. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिने पहिल्या महिन्यात तीन अत्तरं घेतली आणि सुट्टीत घरी येताना ती मैत्रिणीच्या खोलीवर ठेवून आली. ते ऐकून मला तिची दया आली होती आणि अभिमानही वाटला होता. आणि अशा घरात नऊ महिने मला कशाचाच वास येत नव्हता. दूध नासलंय का ते नवरा सांगायचा. गॅस बंद आहे ना हे तो दोनदा बघायचा. जेवण म्हणजे नुसतं मऊ, कडक, गरम, गार. सगळ्यात विचित्र म्हणजे घर माझं वाटेनासं झालं. सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी मी कुणाकडे तरी राहायला आले होते.

ऑफिसात मी सांगितलं नाही. हे आता लिहायला सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात वाटलं, येईल परत. मग महिना झाला. मग खोट्याला वय चढलं, आणि म्हातारं झालेलं खोटं घराबाहेर काढणं अवघड असतं. आम्ही तिघे वास घेतो. एक मी. दुसरे आमचे साहेब, त्यांचं नाक बाराही महिने चोंदलेलं, ते फक्त सहीपुरतं. आणि तिसरे समोर बसणारे सहकारी, त्यांना मी मनातल्या मनात भुवई म्हणते. कारण पाण्यात काही असलं की त्यांची उजवी भुवई जराशी वर जाते. हे मला खूप आधीपासून माहीत होतं, पण त्याचा उपयोग तापानंतर झाला. मी बूच काढायची, डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघायची. भुवई जागेवर, शून्य. भुवई हलली, एक. जास्त हलली, दीड. नऊ महिन्यांत आमच्या दोघांच्या अंकांत अर्ध्याचाही फरक नव्हता. साहेबांनी एकदा बैठकीत आमचं कौतुक केलं, "याला म्हणतात टीम." मी नाक मुठीत धरून बसले होते.

त्या सकाळी मी घरभर फिरले. चहाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. चपलांच्या कपाटात डोकं घातलं. मुलीच्या जुन्या पुस्तकांची पानं फुर्रकन उडवून त्यातली हवा घेतली. लाकडी कपाटापाशी मात्र पाय अडले. वरच्या कप्प्यात आईची शाल आहे. आई गेली ती याच नऊ महिन्यांत. ती गेल्यावर भावाने शाल माझ्या हातात दिली. वहिनी म्हणाली, "अजून त्यांचा वास आहे बघा हिला." मी ती तोंडावर धरली. मला लोकर लागली, नुसती लोकर. सगळ्यांना वाटलं मी आईसाठी रडतेय. आज मी स्टुलावर चढले, शाल काढली, श्वास घेतला. डांबराच्या गोळ्या! मीच ठेवल्या होत्या, कसर लागू नये म्हणून. आई असती तर म्हणाली असती, एवढी शिकलीस, नाकावर पोट भरतेस, आणि एवढं कळत नाही? मी स्टुलावर उभी राहून हसले आणि मग स्टुलावरच बसले. डांबर तर डांबर, पण ते मला आलं होतं.

बसमध्ये मात्र शंका आली. डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवलं. नाक परत येताना खोटं बोलतं. नसलेलं जळकं येतं, नसलेलं कुजकं येतं, काही महिने विश्वास ठेवू नका. म्हणजे पाण्याला वास होता की माझ्या डोक्यात होता? ग्रीस खरं होतं, डांबर खरं होतं. पण ग्रीस आणि डांबर तिथे आहे हे मला आधीच माहीत होतं. पाण्यातलं माहीत नव्हतं, आणि नवऱ्याला ते हुंगायला लावायचं सकाळी सुचलंच नव्हतं. आणि ते खरं असेल तर गप्प बसता येणार नव्हतं. आमचं निम्मं पाणी वरच्या जंगलातून येतं, नदीच्या पाणलोटातून. तिथे मैला मिसळला असेल, काही मरून पडलं असेल, तर संध्याकाळपर्यंत ते तीन लाख घशांत. मी बसच्या खिडकीतून रसवंतीची पाटी वाचली, शाळेची वाचली, आणि ठरवलं की सांगायचं. पुढच्या स्टॉपवर ठरवलं की नाही सांगायचं. असं करत करत ऑफिस आलं.

सव्वानऊला चंबू. मी बूच काढलं आणि भुवईंकडे न बघता लिहिलं, दोन. त्यांनी शून्य लिहिलं. साहेबांनी सवयीने शून्य. साहेब कागद बघून म्हणाले, "बाई, आज हे काय?" त्यांनी माझ्या पाठीमागे चंबूंच्या जागा बदलल्या. पहिल्यांदा मी बरोबर ओळखला. दुसऱ्यांदा बरोबर. तिसऱ्यांदा चुकले. "तीनात दोन," साहेब म्हणाले. "नाणं उडवूनही होतं तेवढं. नऊ महिने तुमचा एक अंक चुकला नाही आणि आज..." तेव्हा मी सांगितलं. ताप, नाक, भुवई, सगळं. मग भुवईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, मलाही एक सांगायचंय. माझं नाक तीन वर्षांपासून मंद होत चाललंय. गेल्या वर्षी पार बसलं. पाण्यात काही असलं की बाईंचा डावा खांदा वर जातो. मी त्यावरून लिहितो." म्हणजे त्यांनी माझ्या खांद्याकडे बघायला मान वळवली की भुवई वर जायची. मी ती बघून श्वास जरा लांबवायचे, की खांदा वर जायचा. नऊ महिने भुवईला खांदा आणि खांद्याला भुवई. साहेबांनी नोंदवही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवून, फार शांतपणे विचारलं, "मग हे दीड कुठून आले?" मला हसू फुटलं. हसायची वेळ नव्हती, हे मला कळत होतं, पण ते आवरेना, आणि मग भुवईंनाही आवरेना.

"हसू नका," साहेब म्हणाले. "नऊ महिने या शहराला नाक नव्हतं." "आणि कुणाचीही तक्रार नाही," भुवई डोळे पुसत म्हणाले. "वरच्या जंगलाने लाज राखली आपली." साहेब उठून खिडकीशी गेले. ते वाईट मनुष्य नाहीत. परत आले तेव्हा त्यांनी ठरवलेलं होतं. जंगलातून येणाऱ्या पाण्याचा दरवाजा बंद केला तर अर्धं शहर कोरडं, आणि उघडा ठेवला आणि खरंच काही असलं तर त्याहून वाईट. "चारला संध्याकाळचं पाणी सुटतं, तोपर्यंत वेळ आहे. चला वर. वास कुठून येतो ते दाखवा. सापडलं तर बाकीचं बघू. नाही सापडलं तर बाई, उद्यापासून या टेबलावर बसायचं नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बावीस वर्षांत मला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

त्या जंगलाचं पाणी मी हजारो वेळा हुंगलं होतं आणि जंगल एकदाही पाहिलं नव्हतं. तिथे कुणालाच जाऊ देत नाहीत. शहराला पाणी मिळावं म्हणून कुणीतरी शहाण्या माणसांनी ते फार पूर्वी राखून ठेवलं, पुढे त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, पण पाणलोटाच्या आतल्या भागाला कुलूप ते कुलूपच. शहर व्हायच्या आधी इथे सगळीकडे असंच होतं म्हणे, आमचं ऑफिस आहे तिथेसुद्धा. आता उरलंय ते एवढंच. मला वाटलं होतं, उंचच उंच झाडं असतील. साहेबांना आणि मला घेऊन जीप फाटकातून आत गेली आणि दिसलं ते बुटकं, दाट, काटक, झुडपी जंगल, माणसाच्या डोक्याइतकंच उंच, कडक बारीक पानांचं, सगळं एकमेकांत गुंतलेलं. आणि मी काच खाली केली. काय सांगू! नऊ महिने उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवल्यासारखं झालं. तापलेली पानं, साल, कसला तरी चीक, दगडावरची धूळ, फुलाची एक हलकी झुळूक आणि लगेच त्यामागे कुणा जनावराचा उग्र दर्प. मी मोठमोठ्याने श्वास घेत होते. साहेब म्हणाले, "बाई, नाक जपून वापरा, अजून कामाचं आहे."

आतल्या फाटकावर आम्हाला वनरक्षक बाई भेटल्या. चाळिशीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज असा की झुडपातले पक्षी उठावेत. त्यांना वासाचं सांगितलं आणि त्यांना रागच आला. "वास? आमच्या पाण्याला? मॅडम, तुमच्या पाइपला असेल. इथे मुंगीसुद्धा परवानगी घेऊन येते." तरी त्या पुढे झाल्या. पद्धत सोपी होती. जिथे दोन प्रवाह मिळतात तिथे थांबायचं, डावीकडची एक बाटली, उजवीकडची एक. साहेब स्पिरिटच्या स्टोव्हवर दोन्ही चंबू साठ अंशांपर्यंत आणणार, मी पाठ करून उभी. मग जिकडे वास तिकडे वर. पहिल्या संगमाला वास निघाला तो उजव्याला, दोन. दुसऱ्याला डावा, दोन. तिसऱ्याला उजवा, आणि तीन. साहेबांनी तीन लिहिताना माझ्याकडे पाहिलं. अंक वाढत होता, म्हणजे आपण जवळ चाललो होतो. पाय दगडांवरून सरकत होते, झुडपं बाह्या ओढत होती, आणि मी त्रेपन्न वर्षांची बाई मनातल्या मनात उड्या मारत होते. लहानपणी आई मला दुकानात पुढे करायची आणि म्हणायची, हिला द्या हो हुंगायला, ही सांगेल ताजं आहे का. दुकानदार चिडायचे. तेव्हा वाटायची तशी मी पुन्हा महत्त्वाची झाले होते.

चौथ्या संगमाला साहेबांनी चंबू पुढे केला. काही नाही. दुसरा. काही नाही. मी बूच लावलं, हलवलं, पुन्हा काढलं. गरम वाफ नाकाला लागली, बस. शून्य आणि शून्य. "मी म्हटलं नव्हतं?" वनरक्षक बाई म्हणाल्या, पण माझा चेहरा बघून बाटल्या विसळायला लागल्या. साहेबांनी वही मिटली नाही, पण पेनाला टोपण लावलं. अडीच वाजले होते. पाण्यात काही नसणं हे एक. पण मला झुडपांचाही वास येत नव्हता, साहेबांच्या घामाचा नाही, स्पिरिटचासुद्धा नाही. सकाळी सव्वासहाला आलेलं नाक अडीच वाजता गेलं होतं. टेबलाचं दुःख नंतर आठवलं. आधी आठवली ती नवऱ्याची मान. मी सकाळी ती पुरेशी हुंगली नव्हती, घाईत होते, चहा उतू चालला होता.

आमच्या कामात पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. मला शिकवणाऱ्या बाई कडक होत्या, पाच चंबू झाले की ओरडायच्या, "थांब, नाक भरलं." नाक एकाच वासाने भरलं की तो वास नाहीसा होतो. मग खिडकीत जायचं आणि कोपराच्या आतल्या घडीत नाक खुपसून स्वतःचा वास घ्यायचा. आपलाच वास, रोजचा, त्याने नाक ताळ्यावर येतं. नऊ महिने मला काहीच येत नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट मी विसरलेच होते. रिकाम्या नाकाला भरणार काय? मी साहेबांना म्हटलं, "दहा मिनिटं द्या." वर एक उघडा खडक होता, त्यावर वारा येत होता. मी चढले, वाऱ्याकडे तोंड करून बसले, बाही वर केली आणि नाक कोपरात घातलं. आधी काही नाही. मग इस्त्री. मग बसच्या सीटचं रेक्झिन. मग प्रयोगशाळेतलं कसलंसं औषध. आणि त्यांच्याही मागे, हळूच, थोडं आंबूस, थोडं उबदार, मी. किती महिन्यांनी भेटले मी मला! मी तशीच बसून राहिले, दहाची पंधरा मिनिटं झाली असतील, साहेबांनी हाक मारली नाही. मग उतरले, पाठ केली, चंबू हातात घेतला. पहिला शून्य. दुसऱ्याचं बूच निघालं आणि मी मागे सरले. "पाच," मी म्हटलं. "पाच, साहेब. याला." बावीस वर्षांत मी कधी पाच लिहिला नव्हता. "हा उजवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"उजवीकडे काही नाहीये," वनरक्षक बाई म्हणाल्या. "कोरडा नाला आहे. नकाशातही तुटक रेघ आहे त्याची." मग त्या एकदम थांबल्या आणि पायाखालच्या वाहत्या पाण्याकडे बघू लागल्या. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या सांगत गेल्या. वर एक सपाटी आहे. कधी काळी लाकडासाठी तिथे परक्या जातीची झाडं लावली होती, ती सगळं पाणी पिऊन बसायची. अकरा वर्षं त्या आणि त्यांची माणसं ती एकेक करून काढत होती. वरचे अधिकारी हसायचे, बाई तिथे काय शेती करणार आहेत का. शेवटची झाडं गेल्या वर्षी काढली, मग वाटेवर एक मोठं खोड पडलं आणि वर जाणं राहिलं. हे सांगता सांगता त्यांचा वेग वाढला आणि शेवटी त्या पळायलाच लागल्या. खोडावरून त्या चढल्या, आम्ही खालून रांगत गेलो. पलीकडे सपाटी होती, आणि ती सगळी पाण्यात होती. काळी मऊ माती, तिच्यातून वर आलेलं हिरवं लव्हाळं, त्यात चमकणारं पाणी, आणि आमची चाहूल लागताच टुणटुण उड्या मारून नाहीसे झालेले बोटाएवढे बेडूक. वनरक्षक बाई गुडघ्यापर्यंत आत शिरल्या. "हे नव्हतं," त्या म्हणाल्या. "मॅडम, हे इथे नव्हतं हो!" बुटांत पाणी शिरत होतं, त्यांना पत्ता नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी ती काळी माती उचलली, आणि तिचं काय करावं हे न कळून तशाच उभ्या राहिल्या.

साहेबांनी एका दगडावर बसून बाटली भरली, उजेडात धरली, लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग म्हणाले, "दरवाजा बंद करायचं कारण नाही. हा मातीचा वास आहे, कुणाची घाण नाही. खाली गाळणीत वास शोषणारा कोळसा वाढवू, महिना-दोन महिन्यांत वास बसेल." आणि माझ्याकडे न बघता, "उद्या सव्वानऊला या. तुम्ही एकट्याच लिहा. तुमच्या समोरच्या सहकाऱ्यांना मी नोंदींकडे घेतो, त्यांचं अक्षर चांगलं आहे. आणि पुन्हा नाक गेलं तर त्याच दिवशी सांगा, कळलं?" मी कळलं म्हटलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

वनरक्षक बाई बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या, बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? कसा आहे हो वास?" मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. "तुम्हाला येत नाही?" "माझा जन्म इथलाच. वडीलही गार्ड होते, फाटकाशी आमचं घर. मला यातलं काहीच येत नाही, कधीच नाही. शहरात बहिणीकडे गेले की ती म्हणते, तुझ्या कपड्यांना जंगलाचा वास येतो. कसा येतो म्हटलं तर म्हणते, जंगलासारखा." आमच्या तक्त्यावर वासासाठी नऊ शब्द आहेत. मातकट, शेवाळी, कुजट, माशासारखा, असे. मी त्यातला एक उच्चारणार होते आणि थांबले. अकरा वर्षं जिने झाडं उपटली तिला मी मातकट म्हणून सांगू? "डोळे मिटा," मी म्हटलं. "तळाशी गार आहे, उन्हाळ्यात माठाखालच्या जमिनीला येतो तसा. त्यावर गोड, पण खाण्याचा नाही, झोपून उठलेल्या बाळाच्या डोक्याचा. मग मधेच एक हिरवं, बोचरं, ते लव्हाळं असणार, कुणीतरी आत्ताच तोडल्यासारखं. आणि कडेकडेने तुमची झुडपं, थोडी कडू, उन्हात तापलेली..." त्या डोळे गच्च मिटून, चिखलाचे हात मांडीवर उपडे ठेवून ऐकत होत्या आणि हसू त्यांच्या तोंडभर पसरत चाललं होतं. "असं आहे होय," त्या म्हणाल्या. "असं आहे माझं!" साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि मग तेही दगडावरून उठून आमच्यापाशी येऊन बसले. मी थांबले तशी वनरक्षक बाईंनी डोळे न उघडता पलीकडच्या उताराकडे बोट केलं.

"आता तिकडचं सांगा," त्या म्हणाल्या.